रनिंग कमी म्हणून भाव जास्त?

जळगाव-धुळ्याकडे जुनी स्पोर्ट्स कार बघायला गेलं की पहिला प्रश्न ठरलेला: ‘रनिंग किती?’, म्हणजे गाडी आजवर किती किलोमीटर चालली. रनिंग जितकं कमी तितका भाव जास्त, हा समज चुकीचा आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो. अशा उन्हात वर्षानुवर्षं उभ्या गाडीचं रबर कडक होतं, सील सुकतात, ब्रेक ऑइल ओलावा धरतं. टायरच्या बाजूवर कोरलेले चार आकडे वाचा: ‘२३१८’ म्हणजे २०१८ चा २३वा आठवडा. नक्षी कोरी दिसली तरी असा टायर म्हातारा झालेला असतो, आणि या गाड्यांचे रुंद टायर महाग पडतात. तो खर्च भावातून आधी वजा करा. नियमित चाललेली, सर्व्हिसची सगळी बिलं जपलेली गाडी मी चार पैसे जास्त देऊन घेईन.