पार्श्वभूमी : गोव्यात कॅल्क्युलसची स्पर्धा भरवायची तर

अकरावी-बारावीच्या मुलांसाठी गोव्यापुरती कॅल्क्युलसची, म्हणजे बदलाचा वेग मोजणाऱ्या गणिताची, स्पर्धा असावी, हा विषय आमच्या स्टाफरूममध्ये दरवर्षी निघतो. आणि दरवर्षी कुणीतरी विचारतं, ‘पोरांना आधीच इतक्या परीक्षा, त्यात ही आणखी एक कशाला?’ प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायचं तर जरा मागे जावं लागतं, कारण हा विषय वाढला तोच मुळी एकमेकांना घातलेल्या कोड्यांतून. गोव्यात तो आला मात्र वेगळ्या वाटेने.

जून १६९६मध्ये योहान बर्नुली यांनी युरोपातल्या गणितज्ञांना जाहीर आव्हान दिलं. दोन बिंदू आहेत, एक वर आणि एक खाली, पण थेट खाली नाही. वरून सोडलेला मणी घसरत कमीत कमी वेळात खाली पोचायचा असेल, तर तारेला आकार कोणता द्यायचा? सरळ रेषा सर्वांत आखूड असते, पण ती सर्वांत जलद नसते, ही त्यातली मेख. मुदत सहा महिन्यांची होती. लायबनिट्स यांनी सांगितल्यावरून ती वाढवली, म्हणजे दूरदेशीच्या लोकांनाही वेळ मिळावा. न्यूटन तेव्हा टांकसाळीत नोकरीला होते. जानेवारी १६९७मध्ये दिवसभराचं काम उरकून घरी आल्यावर त्यांच्या हाती तो कागद पडला आणि पहाटे चारला उत्तर तयार होतं. लायबनिट्स, लोपिताल आणि योहानचे थोरले भाऊ याकोब यांनीही ते सोडवलं. उत्तर निघालं चक्रज, म्हणजे चाक गडगडत जाताना त्याच्या कडेवरचा एखादा ठिपका हवेत जी कमान काढत जातो ती, फक्त उलटी धरलेली.

माझ्या दृष्टीने ही कॅल्क्युलसची पहिली खरी स्पर्धा. प्रश्न एकच, मुदत महिन्यांची, आणि आलेली उत्तरं वेगवेगळ्या वाटांनी आलेली. याकोब यांच्या रीतीतून पुढे गणिताची एक नवी शाखाच उभी राहिली. घड्याळ लावून तीस प्रश्न सोडवून घेण्यातून असं काही निघालं नसतं.

घड्याळाची स्पर्धा आली केंब्रिजहून. तिथल्या ट्रायपॉस परीक्षेत गणिताच्या विद्यार्थ्यांची क्रमवारी लागायची आणि पहिल्याला सीनियर रँग्लर म्हणायचे. दापोलीजवळच्या मुर्डीचे रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे १८९९मध्ये तिथे पहिल्या स्थानावर आले, एका इंग्रज विद्यार्थ्याच्या बरोबरीने. हा मान मिळवणारे ते पहिले भारतीय. ‘रँग्लर’ हा शब्द मराठीत नावाआधीची पदवी म्हणून रुजला तो त्यांच्यामुळे. पण ती क्रमवारी पुढे केंब्रिजलाच नकोशी झाली आणि १९०९नंतर बंद पडली. मुलं पाठांतराच्या आणि वेगाच्या मागे लागतात, गणित मागे राहतं, अशी तिथल्याच गणितज्ञांची तक्रार होती.

मराठीत हा विषय त्याच्याही कितीतरी आधी आला. ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर वृत्तपत्रामुळे सगळ्यांना ठाऊक आहेत, पण ते एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवत आणि त्यांनी ‘शून्यलब्धिगणित’ नावाचं पुस्तक लिहिलं, हे फार कमी विद्यार्थ्यांना माहीत असतं. शून्यलब्धी म्हणजे आपलं डिफरन्शियल कॅल्क्युलस. शब्द किती नेमका आहे पाहा. दोन राशींमधले बारीक बदल शून्याकडे सरकत जातात आणि तरीही त्यांच्या भागाकारातून काहीतरी लब्ध होतं. विश्वकोशातला ‘अवकलन’ शुद्ध आहे, पण वर्गात मुलाला पहिल्या दिवशी कल्पना पोचवायची असेल तर मी ‘शून्यलब्धी’च उच्चारतो. बाळशास्त्री देवगड तालुक्यातल्या पोंभुर्ल्याचे, पेडण्याच्या पलीकडच्याच जिल्ह्यातले. १८४६ साली ऐन चौतिशीत गेले.

आता गोव्याकडे. इथे गणिताचं वरचं शिक्षण पोर्तुगीजांनी सुरू केलं ते लष्करासाठी. १८१७मध्ये लष्करी अकादमी निघाली, १८४१मध्ये तिच्या जागी पणजीत ‘गणित आणि लष्करी शाळा’ आली आणि ती १८७१मध्ये बंद झाली. तोफखान्याचे आणि बांधकामाचे अधिकारी घडवणं हा तिचा हेतू. १८५४पासून लिसेव, म्हणजे सरकारी माध्यमिक विद्यालय, होतं, पण तिथे शिकायचं ते पोर्तुगीजमधून. गावोगावच्या मराठी शाळा लोकांनी स्वतःच्या खर्चाने, देवळाच्या आवारात नाहीतर कुणाच्या ओसरीवर चालवल्या. त्यातून पुढे जाऊ पाहणाऱ्या मुलाला बेळगाव, पुणे किंवा मुंबई गाठावी लागे.

दामोदर धर्मानंद कोसंबी यांची गोष्ट याच काळातली. १९०७मध्ये ते गोव्यात जन्मले, हार्वर्डला शिकले, फर्ग्युसनमध्ये शिकवलं आणि पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत गेले. गोव्यात त्यांचं नाव इतिहासकार म्हणून घेतलं जातं, दरवर्षीचा विचार महोत्सवही त्यांच्या नावाने भरतो. पण ते हाडाचे गणिती होते. यादृच्छिक फलनांवरचं त्यांचं १९४३मधलं काम आज संदेशप्रक्रियेत (सिग्नल प्रोसेसिंगमध्ये) दुसऱ्यांच्या नावाने शिकवलं जातं, याची मला मनापासून खंत वाटते. गोव्यात जन्मलेल्या इतक्या मोठ्या गणितज्ञाच्या नावाने शाळकरी मुलांपुढे निदान एक प्रश्न तरी ठेवला जायला हवा.

मुक्तीनंतर चित्र झपाट्याने पालटलं. पहिले मुख्यमंत्री भाऊसाहेब बांदोडकरांच्या काळात गावागावांत सरकारी मराठी प्राथमिक शाळा उघडल्या. १९६२मध्ये पणजीत धेंपे आणि मडगावात चौगुले ही महाविद्यालयं सुरू झाली, तेव्हा ती मुंबई विद्यापीठाला जोडलेली. स्वतंत्र शिक्षण मंडळ १९७५मध्ये आलं, गोवा विद्यापीठ १९८५मध्ये. दहा अधिक दोनची रचना आली आणि त्याबरोबर कॅल्क्युलस हायर सेकंडरीत येऊन बसलं. अकरावीत लिमिट आणि डेरिव्हेटिव्ह (म्हणजे बदलाचा वेग) यांची ओळख, बारावीत बाकी सगळं. सीबीएसईच्या बारावीच्या ८० गुणांच्या गणिताच्या पेपरात ३५ गुण एकट्या कॅल्क्युलसचे असतात, यावरून त्याचं वजन कळावं.

पण हे वजन गुणांचं. पेडणे, डिचोली, सत्तरीतली कितीतरी मुलं चौथीपर्यंत मराठीतून शिकतात, मग इंग्रजीत जातात आणि सोळाव्या वर्षी कॅल्क्युलसला भेटतात ती सूत्रांच्या यादीतून. ट्यूशनमध्ये ‘अमुक दिसलं की तमुक सब्स्टिट्यूट कर’ हे पाठ होतं. जेईईला ते चालूनही जातं. डेरिव्हेटिव्ह काढता येतं, पण ते कशाचं काढलं हे विचारलं की पोर गप्प.

मग ज्यांना गणिताची खरी ओढ आहे त्यांच्यासाठी स्पर्धा नाहीत का? आहेत, पण कॅल्क्युलसच्या नाहीत. राष्ट्रीय गणित ऑलिम्पियाड १९८६मध्ये सुरू झालं, १९८९पासून भारत आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाडला जातो, १९९६मध्ये ते मुंबईतच भरलं होतं. प्रादेशिक फेरीसाठी महाराष्ट्र आणि गोवा हा बरीच वर्षं एकच विभाग होता. मात्र ऑलिम्पियाडच्या अभ्यासक्रमात कॅल्क्युलस मुद्दाम ठेवलेलं नाही, कारण देशोदेशी ते शाळेत वेगवेगळ्या इयत्तेत येतं, कुठे येतच नाही. पुण्याच्या स. प. महाविद्यालयाच्या पुढाकाराने चालणाऱ्या माधव गणित स्पर्धेत ते आहे. पाय या संख्येची अनंत श्रेणी चौदाव्या शतकात मांडणारे केरळचे माधव, त्यांचं नाव तिला दिलं हे फार उचित झालं. पण ती पदवीच्या विद्यार्थ्यांची. अमेरिकेत एमआयटीमध्ये १९८१पासून ‘इंटिग्रेशन बी’ होते, फळ्यासमोर उभं राहून भराभर इंटिग्रल सोडवायचे. बघायला मजा येते, पण तीही वेगाचीच, आणि वेगाचा सराव आमच्या पोरांना पुरेसा आहे.

म्हणून आम्ही काही जणांनी नमुना प्रश्नपत्रिका करायला घेतली ती बर्नुलींच्या वळणाची. थोडे प्रश्न, भरपूर वेळ, पुस्तक उघडायला परवानगी, आणि प्रश्न इंग्रजीसोबत मराठीत आणि कोंकणीतही छापलेला. पहिला प्रश्न आम्हाला खाजनाच्या, म्हणजे खाडीकाठच्या खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावर मिळाला.

वर्गातल्या आठ-दहा जणांना मी मानशीवर घेऊन गेलो होतो. मानस म्हणजे बांधातलं लाकडी दार. भरतीच्या जोराने ते आपोआप मिटतं, सुकती लागली की उघडतं. तिथल्या राखणदाराला मुलांनी विचारलं, पाणी सर्वांत जोरात कधी चढतं? पूर्ण भरतीच्या वेळी, असं उत्तर बहुतेकांनी मनात धरलं होतं. ते म्हणाले, ‘मदल्या वेळार उदक धांवता.’ भरती पुरी झाली की पाणी थबकतं.

वहीत मांडून पाहिलं. चढ-उतार दोन मीटरचा धरला, भरती सहा तासांची आणि वक्र कोसाइनचा. पहिल्या तासात पाणी सुमारे १३ सेंटिमीटर चढतं, दुसऱ्यात ३७, तिसऱ्यात ५०. पुढे तेच आकडे उलटे, ५०, ३७, १३. बरोबर मध्यावर चढण्याचा वेग तासाला ५२ सेंटिमीटर, आणि पूर्ण भरतीला शून्य. ‘महत्तम किंमत असते तिथे डेरिव्हेटिव्ह शून्य’ हे वाक्य या मुलांनी वर्षभर लिहिलं होतं. त्या दिवशी ते मानशीच्या दाराशी उभं होतं.

परतताना वाळपईकडची एक मुलगी बसमध्ये मागे वळून म्हणाली, ‘सर, अमावास्येला चढ-उतार जास्त असतो ना? मग मधला वेग तेवढ्याच पटीने वाढेल की त्याहून जास्त?’ नमुना प्रश्नपत्रिकेत तो आता दुसरा प्रश्न आहे.