पार्श्वभूमी : कांद्याचा साठा आणि आरोपीचे मन

कांदा महागला की दिल्लीहून साठामर्यादेचा आदेश निघतो आणि लासलगाव-पिंपळगावच्या खळ्यांवर अधिकारी मोजदादीला येतात. २३ ऑक्टोबर २०२० च्या आदेशाने घाऊक व्यापाऱ्याला २५ टन, किरकोळ विक्रेत्याला २ टन एवढीच मुभा दिली. जास्त माल सापडला आणि व्यापारी म्हणाला, ‘साठेबाजीचा हेतू नव्हता’, तर?

चोरी-खुनाच्या खटल्यात आरोपीच्या मनात काय होते, हेही सरकारलाच सिद्ध करावे लागते. १८६० च्या दंड संहितेत ‘जाणूनबुजून’, ‘अप्रामाणिकपणे’ असे शब्द जागोजागी होते; आजच्या न्याय संहितेतही आहेत. साठामर्यादेचे आदेश ज्याखाली निघतात, त्या १९५५ च्या जीवनावश्यक वस्तू कायद्याचे शिक्षेचे कलम ७ मात्र मनाबद्दल गप्प होते.

अशा मौनाचा अर्थ काय, यावर सर्वोच्च न्यायालयातच दोन मते होती. १९६४ मध्ये एम. एच. जॉर्ज या विमानप्रवाशाचे प्रकरण आले; ते परकीय चलन कायद्याखालचे होते, पण प्रश्न हाच. झुरिकहून मनिलाला जाताना मुंबईत त्याच्याकडे ३४ किलो सोने सापडले. सोन्याबाबतची नवी अधिसूचना राजपत्रात येऊन जेमतेम चार दिवस झाले होते; ती ठाऊकच नव्हती, असे त्याचे म्हणणे. बहुमताने त्याचे मन न पाहता त्याला दोषी धरले; दोषी मनाशिवाय शिक्षा नको म्हणणारे न्या. सुब्बाराव अल्पमतात राहिले. पुढच्याच वर्षी मध्य प्रदेशातला धान्यव्यापारी नथुलाल सुटला. परवान्यासाठी त्याने अर्ज केला होता, तो नाकारल्याचे त्याला कळवले गेले नव्हते, परवाना मिळेलच असे त्याला प्रामाणिकपणे वाटत होते. या वेळी निकाल सुब्बारावांच्या बाजूचा होता.

सरकारला ते रुचले नाही. १९६७ मध्ये कलम ७ मध्ये ‘जाणूनबुजून, हेतुपुरस्सर किंवा अन्यथा’ असे शब्द घातले गेले. त्या ‘अन्यथा’त सगळेच सापडत. १९७४ मध्ये ते काढून कलम १० क आणले: दोषी मन न्यायालय गृहीत धरील, ते नव्हते हे आरोपीने दाखवावे, तेही वाजवी संशयापलीकडे. मन परत आले खरे, पण ओझे व्यापाऱ्याच्या डोक्यावर. माझ्या मते हे फार जड आहे. आरोपीकडून इतका कडक पुरावा फौजदारी कायदा क्वचितच मागतो. म्हणून साठा नोंदवही आणि लिलावाच्या पावत्या जपाव्या लागतात.

२०२० मध्ये नाशिकच्या व्यापाऱ्यांनी हेतूचा वाद घातलाच नाही. लिलावात घेतलेला माल निवडून, गोण्या भरून रवाना होईपर्यंत खळ्यात पडणारच, असे सांगत त्यांनी लिलाव थांबवले. केंद्राने खरेदीपासून तीन दिवसांची सवलत दिली, मग लिलाव पुन्हा सुरू झाले.