मोडीतली वळणं आणि हाताचा वेग

दिवाळीच्या साफसफाईत गावच्या घरी ट्रंकेत एक खरेदीखत सापडलं, १९११ सालचं, अख्खं मोडीत. फॅमिली ग्रुपवर फोटो टाकला तर तासाभरात दोन थिअऱ्या हजर: एक, मोडी ही शत्रूला कळू नये म्हणून काढलेली गुप्त लिपी, आणि दोन, यात गुप्तधनाची जागा लिहिलेली असणार. जाणकाराकडून वाचून घेतलं तर निघाली दीड एकर जिरायत जमीन, तिच्या चतुःसीमा आणि साक्षीदारांच्या सह्या. गुप्तधनापायी लोक मांत्रिकाला पैसे देतात, घरातली जमीन उकरतात, म्हणून हे स्पष्ट सांगतोय.

गुप्त लिपीत कोणी रोजचा जमाखर्च लिहीत नाही. पुण्याच्या पेशवे दफ्तरातले बहुतेक मराठी कागद मोडीतच आहेत, कारण मोडी ही भराभर लिहायची लिपी. आधी पानभर आडवी रेघ ओढून घ्यायची, मग तिच्याखाली अक्षरं लटकवत जायचं, ह्रस्व-दीर्घाचा फरक नाही, शब्दांमधे जागा नाही. कानासुद्धा वेगळा काढायचा नाही, अक्षराच्या तळातूनच बोरू वर रेघेपर्यंत न्यायचा.

हात उचलावा लागत नाही म्हणून मोडी भरभर होते असं सगळे सांगतात. ते खरंय, पण अर्धंच. उरलेलं अर्ध वळणात आहे आणि मला तेच जास्त आवडतं.

लिहिताना हाताचा वेग सारखा नसतो, सरळ रेघेत वाढतो आणि वळणावर कमी होतो, घाटात एसटी करते तसं. १९८३ साली लाक्वानिती, तेर्त्सुओलो आणि विव्हियानी या संशोधकांनी हे मोजून नियमात बसवलं: हाताचा वेग वळणाच्या त्रिज्येच्या घनमुळाच्या प्रमाणात बदलतो. म्हणजे वळण ८ पट आवळलं की वेग निम्मा, कारण ८ चं घनमूळ २. टोकदार कोपऱ्यात त्रिज्या जवळजवळ शून्य, तिथे हात थांबल्यातच जमा. बालबोधीत, म्हणजे आपल्या नेहमीच्या देवनागरीत, असे कोपरे भरपूर, तर मोडीने तेच घासून गोल केले, म्हणून हात न थांबता वाहतो.

आता घनमूळच का? अकरावीचं वर्तुळाकार गतीचं सूत्र आठवा, त्वरण म्हणजे वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या. हाताला फक्त हे त्वरण सारखं ठेवायचं असतं तर वेग वर्गमुळाने बदलायला हवा होता, पण तसं होत नाही. एक पटणारं उत्तर असं की मेंदू त्वरणाकडे नाही तर त्वरण किती झपाट्याने बदलतंय तिकडे, म्हणजे झटक्याकडे बघतो, आणि एकूण झटका कमीत कमी ठेवायचा म्हटलं की गणितातून जवळपास हाच नियम बाहेर येतो. शिवाय एकेक फटकारा सेकंदाच्या दहाव्या भागात उरकतो, तेवढ्यात डोळ्याने बघून हाताला दुरुस्ती सांगायला वेळच नसतो, त्यामुळे वळण आधीच ठरवून सोडलेलं असतं. आणि ही योजना बोटांपुरती नसते, म्हणून फळ्यावर खांद्यातून हात फिरवून केलेली सही चेकवरच्या सहीसारखीच दिसते. करून बघा.

यावरून अक्षर बघून स्वभाव सांगणाऱ्यांचं फावतं. तपासून बघितलं तेव्हा त्यांच्या दाव्यांना भरवशाचा पुरावा मिळालेला नाही. अक्षरात हाताची सवय दिसते, नशीब नाही.

तर त्या खरेदीखतावर भिंग धरून बसलो. शाई सात-आठ अक्षरं फिकी होत जाते आणि मग एकदम काळीभोर, तिथे बोरू दौतीत बुडवला. प्रत्येक वळणाच्या पोटात रेघ जराशी गडद, कारण हात तिथे हळू झाला आणि शाईला उतरायला वेळ मिळाला. लेखनिकाची ओळ लफ्फेदार, एका दमात गेलेली. खाली खापरपणजोबांच्या सहीत मात्र प्रत्येक अक्षराला काळा ठिपका आहे, ते थांबत थांबत, एकेक अक्षर आठवून लिहीत होते.