फाइली आणि फोल्डर तुमच्या सोयीने कसे मांडाल

"सोसायटीचा सगळा हिशोब डेस्कटॉपवरून उडाला!" असे फोन आमच्या कॉम्प्युटरच्या दुकानात नेहमी येतात. बहुतेक वेळा उडालेलं काहीच नसतं. डेस्कटॉपवर मोकळ्या जागी राइट क्लिक करून 'व्ह्यू' उघडा. तिथे 'शो डेस्कटॉप आयकॉन्स'ची टिक चुकून निघालेली असते. ती पुन्हा लावली की सगळं जागच्या जागी दिसतं. घाबरून रिकव्हरीचं कुठलंही सॉफ्टवेअर टाकू नका. फाइली कशा दिसाव्यात हे बदलल्याने आतल्या मजकुराला धक्का लागत नाही, तेव्हा खाली दिलेलं बिनधास्त करून पाहा.

आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मशीनवर आम्ही आधी फाइलचं शेपूट, म्हणजे नावाच्या शेवटी डॉटनंतर येणारं एक्स्टेन्शन, दिसेल असं करतो. विंडोज ११ मध्ये फोल्डर उघडून 'व्ह्यू', मग 'शो', मग 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स'. विंडोज १० मध्ये 'व्ह्यू' टॅबवरच चौकट आहे. हे आम्ही आग्रहाने सांगतो, कारण शेपूट लपलेलं असताना 'लाइटबिल डॉट पीडीएफ डॉट ईएक्सई' ही फाइल नुसती 'लाइटबिल डॉट पीडीएफ' दिसते. तुम्ही बिल समजून क्लिक करता आणि चालू होतो प्रोग्रॅम. नाव बदलताना मात्र शेपटाला हात लावू नका. एफ-२ दाबलंत तर फक्त नावच निवडलं जातं.

हिशोबाच्या फोल्डरला 'डिटेल्स' व्ह्यू ठेवा, फोटोंना 'लार्ज आयकॉन्स'. आयकॉन बारीक वाटत असतील तर कंट्रोल दाबून माउसचं चाक फिरवा, ते मोठे होतात. सगळीकडे तोच व्ह्यू हवा असेल तर 'फोल्डर ऑप्शन्स'मध्ये 'अप्लाय टू फोल्डर्स' आहे. पण तो त्याच प्रकारच्या फोल्डरांना लागतो. कागदपत्रांचा लावलात म्हणून फोटोंचे फोल्डर बदलणार नाहीत, ते वेगळे करावे लागतात.

मेंटेनन्सची बिलं महिन्याच्या इंग्रजी नावाने ठेवलीत तर एप्रिलनंतर ऑगस्ट येतो आणि मग डिसेंबर. '२०२५-०४' असं आधी वर्ष, मग महिना लिहा. रांग आपोआप लागते. इतका साधा उपाय, पण वार्षिक सभेच्या आदल्या रात्री त्याची किंमत कळते.

फोल्डरला वेगळं चित्र द्यायचं तर प्रॉपर्टीज, कस्टमाइझ, चेंज आयकॉन. मोबाइलचा फोटो तिथे तसाच चालत नाही, आयको प्रकारची, म्हणजे आयकॉनसाठीची फाइल लागते. ती फाइल तुमच्याच कॉम्प्युटरवर राहिली आणि फोल्डर पेनड्राइव्हवरून दुसरीकडे नेला, तर तिथे तो साधा पिवळाच दिसेल.

यातल्या कशासाठीही सीपीयू उचलून लोकलच्या गर्दीतून दुकानात आणू नका. मशीनसमोर बसून फोन करा, आम्ही एकेक पायरी सांगतो. त्याचे पैसे घेत नाही.