आय-ट्रिपल-ई ची आचारसंहिता आणि सदस्यांवरची कारवाई

आय-ट्रिपल-ई म्हणजे इलेक्ट्रिकल, इलेक्ट्रॉनिक्स आणि आता कॉम्प्युटरवाल्यांचीसुद्धा अमेरिकेतली, पण जगभर पसरलेली संघटना. १८८४ ची एक आणि १९१२ ची एक अशा दोन जुन्या संस्था १ जानेवारी १९६३ ला एकत्र झाल्या आणि ही तयार झाली. आज तिचे ४ लाखांच्या वर सदस्य आहेत. आपल्याकडे मुंबई आणि पुणे सेक्शन आहेत, पण बहुतेकांची ओळख कॉलेजच्या स्टुडंट ब्रँचपुरती, नाहीतर रिसर्च पेपर छापायचा असतो तेवढ्यापुरती. मेंबरशिपचा फॉर्म भरताना आपण एक आचारसंहिता पाळायचं कबूल करतो हे कितीजण वाचतात देव जाणे.

आधी एक गोष्ट क्लिअर करायला हवी. ही संघटना लायसन देत नाही. वकिलाची सनद बार कौन्सिल काढून घेऊ शकते, मग त्याला कोर्टात उभं राहता येत नाही, तसं इथे नाही. अमेरिकेत इंजिनीअरचं लायसन त्या त्या राज्याचं बोर्ड देतं आणि तेच रद्द करतं. भारतात तर आर्किटेक्टसाठी १९७२ चा कायदा आहे, वकिलांसाठी १९६१ चा आहे, इंजिनीअरांसाठी देशभर लागू असा कायदाच नाही. त्यामुळे आय-ट्रिपल-ई फार तर काय करणार, तर ठपका ठेवणार, काही काळ मेंबरशिप स्थगित करणार, नाहीतर काढून टाकणार. काढलेला माणूस दुसऱ्या दिवशी नेहमीसारखा ऑफिसला जाऊ शकतो.

आचारसंहिता तशी छोटीच आहे, एका पानात मावते. २०२० मध्ये ती नव्याने मांडली, आता तीन भाग आणि दहा कलमं आहेत. पहिल्या कलमात लोकांची सुरक्षितता, आरोग्य आणि भलं सगळ्यात वर ठेवायचं असं आहे. पुढे लाच घ्यायची नाही, हितसंबंध लपवायचे नाहीत, स्वतःच्या कामावरची टीका ऐकून चूक मान्य करायची, भेदभाव आणि छळ करायचा नाही, आणि सहकाऱ्यांनाही हे पाळायला मदत करायची वगैरे. वाचताना वाटतं यात नवीन काय, पण १९१२ ची जुनी संहिता (एकत्र झालेल्यांपैकी थोरल्या संस्थेची) बघितली तर धक्का बसतो, कारण तिच्यात क्लायंटचं किंवा मालकाचं हित जपणं हे इंजिनीअरचं पहिलं कर्तव्य म्हटलंय. म्हणजे आधी मालक आणि मग लोक. हा क्रम उलटा व्हायला काही दशकं गेली. एकत्र झालेल्या संस्थेने स्वतःची संहिता केली ती १९७४ मध्ये, आणि त्या वेळी एक प्रकरण खूप गाजत होतं.

ते प्रकरण सॅन फ्रान्सिस्कोच्या बार्ट रेल्वेचं. गाडी आपोआप चालवणारी कंट्रोल सिस्टीम बसवत होते आणि तिथल्याच तीन इंजिनीअरांना टेस्टिंग आणि सुरक्षिततेबद्दल शंका होत्या. साहेबांना सांगून झालं, काही हललं नाही, मग त्यांनी संचालक मंडळातल्या एकाला गाठलं, गोष्ट वर्तमानपत्रात आली आणि मार्च १९७२ मध्ये तिघांनाही नारळ मिळाला. सप्टेंबरमध्ये रेल्वे सुरू झाली. जेमतेम तीन आठवडे झाले होते, २ ऑक्टोबरला फ्रीमाँट स्टेशनवर गाडी थांबायची सोडून रुळाचं टोक ओलांडून पुढे गेली. सर्किटमधल्या क्रिस्टल नावाच्या एका छोट्या भागात बिघाड झाला होता, हळू जा म्हणायच्या जागी सिस्टीमने वेग वाढवायचा सिग्नल दिला. कोणी मेलं नाही, काही जण जखमी झाले. तिघांनी केस केली आणि जानेवारी १९७५ मध्ये आय-ट्रिपल-ई ने कोर्टात आपलं म्हणणं मांडलं, की लोकांची सुरक्षितता जपणं हे इंजिनीअरचं कर्तव्य आहे आणि ते पाळल्याबद्दल नोकरी जाता कामा नये. पण निकाल लागलाच नाही. साहेबांनी विचारलं तेव्हा तिघांनी आधी यामागे आपला हात नाही असं सांगितलं होतं, आणि कोर्टात ते अंगाशी येईल म्हणून बाहेरच तडजोड झाली. ही बाजू सांगताना लोक बरेचदा गाळतात. १९७८ मध्ये संस्थेने तिघांना लोकहिताच्या कामासाठी पुरस्कार दिला.

त्याच १९७८ मध्ये सदस्यांवर कारवाई कशी करायची आणि अडचणीत आलेल्या सदस्याच्या पाठीशी कसं उभं राहायचं याची रीतसर पद्धत ठरली. या दोन्ही गोष्टी एकाच कमिटीकडे दिल्या हे मला या सगळ्यात जास्त इंटरेस्टिंग वाटतं. पाठीशी उभं राहायची पहिली केस व्हर्जिनिया एजर्टन यांची. न्यूयॉर्क शहराच्या कामात सरकारी वकिलांसाठीची एक नवी सिस्टीम पोलिसांच्या गाड्या पाठवणाऱ्या सिस्टीमच्याच कॉम्प्युटरवर टाकणार होते, त्याने पोलीस पोचायला उशीर होईल अशी त्यांना भीती होती. वरिष्ठाने लक्ष दिलं नाही, मग त्यांनी देखरेख करणाऱ्या समितीला थेट मेमो पाठवला आणि नोकरी गेली. संस्थेने चौकशी करून त्यांची बाजू बरोबर ठरवली. नोकरी परत मिळवून देणं मात्र संस्थेच्या हातात नव्हतं.

कारवाईची वाट ठरलेली आहे. लेखी तक्रार द्यायची, एथिक्स कमिटी ती बघणार, दम असेल तर सुनावणीसाठी वेगळं मंडळ बसणार, समोरच्याला बाजू मांडायची संधी मिळणार आणि शेवटचा निर्णय संचालक मंडळाचा. बहुतेक सगळं बंद दाराआड चालतं, त्यामुळे कोणाला कशासाठी काढलं हे बाहेर फारसं कळत नाही. नाव खराब होऊ नये म्हणून ते ठीक आहे, पण मग बाकीच्या सदस्यांनी त्यातून शिकायचं काय?

पाठिंब्याची बाजू पुढे पातळ होत गेली. १९९६ मध्ये सदस्यांना अडचणीत सल्ला मिळावा म्हणून फोनची हॉटलाइन सुरू केली, ती वर्षभरातच बंद पडली. नंतर तर कमिटीने कोणा एकट्याला सल्ला द्यायचा नाही असंच नियमात आलं. खटल्यात ओढले जाऊ ही भीती असं कारण सांगतात. इंजिनीअरांच्या नैतिकतेवर लिहिणारे प्राध्यापक स्टीफन अंगर यांच्यासारख्या लोकांनी यावर बरीच टीका केली.

आपल्या लोकांचा संबंध येतो तो मात्र वेगळ्याच खिडकीशी, रिसर्च पेपरातल्या चोरीशी. फायनल इयरचा प्रोजेक्ट, एम-टेकचा पेपर, प्रमोशनसाठी लागणारी पब्लिकेशन्स, आणि घाईत कॉपी-पेस्ट. प्रकाशन विभागाने उचलेगिरीच्या पाच पायऱ्या ठरवल्यात, अख्खा पेपर उचलणं सगळ्यात वरची आणि मूळ लेखकाचं नाव दिलं पण कोणता मजकूर त्याचा हे नीट दाखवलं नाही ही सगळ्यात खालची. मोठी चोरी असेल तर ठरावीक काळ तिथे काही छापायला बंदी येते, मेंबर असा नाहीतर नसा. आणि तो पेपर बहुतेक वेळा साइटवरून काढतही नाहीत, वर नियमभंगाची नोटीस लावून तिथेच ठेवतात, त्यामुळे पुढे कधीही कोणी तो शोधला तर आधी ती नोटीसच दिसते.