कोलिबॅक्टिन

कोलिबॅक्टिन म्हणजे आपल्या आतड्यात राहणारे काही ई. कोलाय जिवाणू बनवतात ते विष, ते आतड्याच्या पेशींच्या डीएनएला इजा करतं आणि मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमागे त्याचाही हात असावा असं आता बरेच संशोधक मानतात. सगळे ई. कोलाय असे नसतात हे आधीच सांगतो, कारण नाव ऐकलं की लोक घाबरतात, पण यातले बहुतेक जन्मानंतर काही दिवसांतच बाळाच्या पोटात येतात आणि आयुष्यभर गुपचूप राहतात. ज्यांच्याकडे पीकेएस नावाचा जीन्सचा गठ्ठा असतो तेवढेच हे विष बनवतात. हा गठ्ठा २००६ मध्ये सापडला, पण विष इतकं नाजूक की वेगळं काढायला गेलं की मोडतं, म्हणून त्याची पूर्ण रचना कळायला २०१९ उजाडलं.

ते करतं काय, तर त्याच्या दोन्ही टोकांना डीएनएला चिकटणारा भाग असतो, डीएनएच्या दोन धाग्यांपैकी एक टोक एका धाग्याला, दुसरं समोरच्या धाग्याला, म्हणजे बॅगेच्या चेनचे दोन्हीकडचे दात गोंदाने चिकटवावेत तसं. पेशी दोन व्हायला निघाली की चेन उघडत नाही, धागा तुटतो, पेशी तो घाईने जोडते आणि तिथे चूक राहून जाते. ही चूक कुठेही होत नाही, डीएनएतल्या ठरावीक अक्षरांच्या आसपासच होते, म्हणून तिचा ठसा ओळखता येतो. मला यातलं सगळ्यात महत्त्वाचं हेच वाटतं, कारण जिवाणू केव्हाच निघून गेला तरी ठसा तसाच राहतो! २०२० मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी माणसाच्या आतड्याच्या पेशींचे छोटे गोळे वाढवून त्यांना पाच महिने हे जिवाणू दिले आणि जो ठसा उमटला तोच पुढे काही पेशंटच्या ट्यूमरमध्येही मिळाला.

२०२५ मध्ये ११ देशांतल्या ९८१ पेशंटच्या ट्यूमरचा डीएनए तपासला गेला, त्यात सत्तरीच्या पुढच्यांपेक्षा चाळिशीच्या आत कॅन्सर झालेल्यांमध्ये हा ठसा ३.३ पट जास्त होता आणि तो बहुधा वयाच्या पहिल्या दहा वर्षांतच उमटलेला असतो असं दिसलं. म्हणजे पस्तिशीत आजार कळला तरी त्याची सुरुवात शाळेत असताना झालेली असू शकते, हे वाचून पोटात गोळा येतो. पण ठसा दिसला म्हणजे कॅन्सर त्यामुळेच झाला असं लगेच सिद्ध होत नाही, आणि हे जिवाणू पोटात असलेल्या बहुतेकांना कॅन्सर होतच नाही.

कॅन्सरमागे जिवाणू असण्याचा सगळ्यात पक्का पुरावा मात्र जठरातल्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या दुसऱ्या जिवाणूचा आहे, तो सुई टोचावी तसं कॅगए नावाचं प्रोटीन थेट पेशीत सोडतो, १९९४ पासून तो जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर करणाऱ्यांच्या अधिकृत यादीत आहे. आतड्यातल्याच बॅक्टेरॉइड्स फ्रॅजिलिस या जिवाणूच्या काही जातींचं विष पेशींना एकमेकींशी जोडणारं प्रोटीनच कापतं.

तोंडातला फ्युजोबॅक्टेरियम जरा वेगळा. हिरड्यांच्या आजारात वाढणारा हा जिवाणू मोठ्या आतड्याच्या ट्यूमरमध्येही सापडतो, त्याचं फॅडए हे खरं तर विष नाही, चिकटायचं प्रोटीन आहे, पण ते पेशीला धरून तिला वाढायचा इशारा देतं. खारघरच्या ॲक्ट्रेक या टाटा मेमोरियलच्या कॅन्सर संशोधन केंद्रातल्या संशोधकांनी २०२२ मध्ये जिभेच्या कॅन्सरच्या ट्यूमरमध्येही तो असल्याचं मांडलं. तरी आपल्याकडे तोंडाच्या कॅन्सरचं मुख्य कारण तंबाखू, मिश्री, गुटखा आणि सुपारीच आहे, जिवाणूंचं नाव पुढे करून ते सोडायचं टाळू नका.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही. पहिल्या महायुद्धात एका जर्मन सैनिकाच्या पोटातून निस्ले नावाच्या डॉक्टरने १९१७ मध्ये वेगळा काढलेला ई. कोलाय आजही आतड्याच्या सुजेवर प्रोबायोटिक म्हणून देतात आणि त्याच्याकडेही हाच पीकेएस गठ्ठा आहे. गठ्ठ्यातला एक महत्त्वाचा जीन काढला तर विष थांबतं पण औषधी गुणही जातो असं उंदरांमध्ये दिसलं, म्हणून आता त्या जीनमध्ये अगदी बारीक बदल करून विष तेवढं बंद पाडायचं, असे प्रयोग चालू आहेत.