वलद की वली? घराण्याच्या नोंदी एकमेकींशी भांडतात तेव्हा

दोन कागद जुळले नाहीत की बहुतेक घरांत मतमोजणी होते. आजोबांचं जन्मसाल तीन कागदांवर १९४२, एकावर १९३८. मग १९४२ खरं धरलं जातं. पण ते तीन कागद कोणते, हे कुणी विचारत नाही. आधार, पॅन आणि मतदार ओळखपत्र. आधार काढताना शाळेचा दाखला लावला, पॅन काढताना आधार लावलं, आणि मतदार यादीत नाव घालताना पुन्हा तोच दाखला. कागद तीन झाले, तरी साक्षीदार एकच.

तो एक साक्षीदार तरी कसा, तेही पाहावं लागतं. मराठवाड्यात एका पिढीच्या पिढीचा वाढदिवस १ जूनला येतो. शाळा जूनमध्ये उघडायची. पोराचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला टेकला की नाव घालायचं, आणि गुरुजी पाच-सहा वर्षं मागे मोजून तारीख टाकायचे. त्यामुळे शाळेच्या प्रवेश निर्गम उताऱ्यातल्या १ जून १९४२ चा अर्थ एवढाच, की नाव घातलं त्या जूनमध्ये हा मुलगा गुरुजींना शाळेच्या वयाचा दिसला. साल एक-दोन वर्षं इकडेतिकडे सहज होतं. थोरल्याची तारीख १ जून १९५० आणि सख्ख्या धाकट्याची १५ डिसेंबर १९५० असेल, तर साडेसहा महिन्यांच्या अंतरावरून एक तारीख अंदाजाची आहे हे कळतं. कोणती, ते सांगायला नकोच.

कोर्टाच्या जबानीत किंवा खरेदीखतात ‘वय अंदाजे ४०’ असतं, तिथेही तीच गत. लोक वय सांगताना शून्यावर आणि पाचावर थांबतात. जनगणनेचे अभ्यासक हा कल व्हिपल निर्देशांकाने मोजतात. २३ ते ६२ वयाच्या लोकांत शेवटी ० किंवा ५ असलेली वयं किती जणांनी सांगितली ते मोजायचं, त्याला पाचाने गुणायचं, एकूण माणसांनी भागायचं आणि शंभराने गुणायचं. उत्तर १०० आलं तर कल नाही. ५०० आलं तर सगळ्यांनीच गोल आकडा सांगितला. एका माणसाच्या नोंदीला हे गणित लावता येत नाही, पण त्यातून घ्यायचं ते घेता येतं. ‘४०’ हा आकडा ३५ ते ४५ असा वाचावा, ‘३७’ लिहिलं असेल तर त्याला थोडा जास्त मान द्यावा.

म्हणून नोंद हाती आली की आधी तिचाच जबाब घ्यायचा. माहिती कुणी सांगितली, कुणी लिहिली, घटनेनंतर किती काळाने, आणि कोणत्या कामासाठी? एकच कागद एका बाबतीत खणखणीत आणि दुसऱ्या बाबतीत कच्चा असू शकतो. वारस फेरफार घ्या. मुलांची नावं त्यात बहुधा बरोबर, कारण भाऊबंद हरकत घ्यायला टपलेलेच असतात. पण फेरफाराची तारीख म्हणजे मृत्यूची तारीख नव्हे. माणूस गेल्यावर दहा-दहा वर्षं सातबाऱ्यावर त्याचंच नाव चालू राहतं. आणि हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६चा. त्याआधीच्या नोंदीत मुलींची नावं सापडली नाहीत म्हणून घरात मुली नव्हत्या असं धरलं, तर वंशावळीची अर्धी बाजू तिथेच कापली जाते.

मुली-सुनांसाठी तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रीच्या पुरोहितांच्या, वह्या अधिक कामाच्या. श्राद्धात बाप, आजा, पणजा यांच्याबरोबर आई, आजी, पणजीचंही नाव घ्यावं लागतं, त्यामुळे त्र्यंबकेश्वर-नाशिकच्या नामावळीत ती सापडतात. मात्र लग्नात नाव बदलायची चाल असल्याने तिथलं नाव सासरचं असतं. माहेरच्या गावी तीच बाई दुसऱ्या नावाने नोंदलेली असेल, तर दोन बायका धरू नयेत. वहीत सांगणाऱ्याच्या स्वतःच्या पिढीचा भाग भरवशाचा. पणजोबांच्या वर गेलं की ती ऐकीव गोष्ट.

खरी फसगत सालांत होते. निजामाच्या दफ्तरात फसली, म्हणजे महसुली हिशोबाचा, सन चाले. हैदराबादचं फसली वर्ष ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात, आजूर महिन्याने सुरू होई. इसवी सन काढायला सरसकट ५९० मिळवणारे इथे चुकतात. आजूर, दय, बहमन या पहिल्या तीन महिन्यांना ५९० मिळवायचे. इस्फंदारपासून आबानपर्यंत ५९१. फसली १३२२च्या खुर्दादमधली नोंद १९१२ची नसून १९१३च्या एप्रिलच्या आसपासची. शकाला ७८ मिळवतात, पण जानेवारी ते चैत्राच्या आधीच्या दिवसांना ७९. नुसतं संवत्सराचं नाव असेल, तर ते साठ वर्षांनी पुन्हा येतं. शक १७९८ म्हणजे १८७६चा दुष्काळ, संवत्सर धाता. शक १८५८ही धाताच. घरात ‘धात्याच्या दुष्काळात आले’ असं सांगत असतील, तर त्या साठ वर्षांत दोन पिढ्या गडप होऊ शकतात.

पिढ्या गडप व्हायचं दुसरं कारण नाव ठेवण्याची रीत. नातवाला आज्याचं नाव. त्यामुळे रामजीचा मारोती, मारोतीचा रामजी, त्याचा पुन्हा मारोती. जुन्या कागदांत आडनाव बहुधा नसतं, नुसतं ‘मारोती बिन रामजी’, म्हणजे रामजीचा मुलगा मारोती. हे नाव ८०-९० वर्षं कागदांत दिसत राहिलं, तर तो दीर्घायुषी पुरुष नाही, आजा-नातू आहेत. एका पिढीला २५ ते ३० वर्षं धरून पट्टी मांडली की सांधा दिसतो. दगडू, धोंडीबा, केरबा ही नावंही बोलतात. आधीची लेकरं दगावली की दृष्ट लागू नये म्हणून असं नाव ठेवत. तेव्हा ‘पहिला मुलगा दगडू’ दिसला, की त्याच्या आधीच्या, कुठेच न नोंदलेल्या लेकरांसाठी वंशावळीत जागा सोडावी.

आता लिपी. उर्दू लिपीत ळ आणि ण नाहीत, त्यामुळे बाळा तिथे बाला होतो. ‘बापू’ आणि ‘बाबू’ यांत फरक फक्त नुक्त्यांचा, म्हणजे ठिपक्यांचा, आणि घाईच्या शिकस्ता अक्षरात नुक्ते गाळले जातात. मोडीत ऱ्हस्व-दीर्घ वेगळं नाही आणि शब्द तोडलेले नसतात. ‘रामजीबिनमारोती’ असं सलग वाचून कुठे तोडायचं ते आपणच ठरवायचं.

२०२३मध्ये न्या. संदीप शिंदे समितीचं काम सुरू झाल्यापासून कुणबी नोंदींसाठी तहसीलचे अभिलेख कक्ष धुंडाळले जाऊ लागले, आणि उर्दू-मोडी कागदांची भाषांतरं घरोघर आली. भाषांतर ही नक्कल आहे, हे तेव्हा विसरलं जातं. समजा, परतूर तालुक्यातल्या एका घराकडे दोन कागद आहेत. १९५४-५५च्या खासरा पहाणीत, म्हणजे जमिनीच्या पाहणीच्या नोंदीत, ‘मारोती वलद रामजी’, म्हणजे रामजीचा मुलगा मारोती. फसली १३२२च्या उर्दू कागदाच्या भाषांतरात त्याच जमिनीवर ‘मारोती वलद नारायण’. बाप दोन कसे? कुणी म्हणेल दत्तक, कुणी म्हणेल मारोतीच दोन.

मूळ पान मागवायचं आणि भिंगाखाली धरायचं. ‘वलद’ म्हणजे मुलगा, ‘वली’ म्हणजे पालनकर्ता. उर्दूत दोन्हींची सुरुवात सारखीच, वाव आणि लाम. शेवटी दाल की ये एवढाच फरक, आणि शिकस्तात दोघांचे शेपूट जवळजवळ येतात. त्यातून आधीचा ‘नाबालिग’, म्हणजे अज्ञान, हा शब्द वाळवीने खाल्ला असेल, तर वली सहज वलद होतो. मराठी कागदात हेच काम ‘अ.पा.क.’, म्हणजे अज्ञान पालनकर्ता, ही अक्षरं करतात, आणि तीही घाईत बापाचं नाव म्हणून वाचली जातात.

पण ‘असं असू शकतं’ यावर थांबायचं नाही. प्रत्येक शक्यता खरी असेल तर पुढे काय दिसायला हवं ते आधी लिहून काढायचं. नारायण बाप असेल, तर त्याच्या मृत्यूनंतरच्या वारस नोंदीत मारोतीचं नाव हवं. तो थोरला भाऊ आणि वली असेल, तर मारोतीचं नाव तिथे नसेल, आणि रामजीच्या जमिनीची वाटणी दोघांत झालेली दिसेल. नारायणाने दत्तक घेतलं असेल, तर त्यानंतरच्या कागदांत बापाचं नाव नारायणच हवं. १९५४-५५ला मात्र ते रामजी आहे. मग त्या सर्व्हे नंबरची फसली १३२२ ते १९५४ मधली सलग पानं पाहायची. नुसतं आपल्या नावाचं पान काढून आणलं, तर हे कधीच सुटत नाही. फोटो काढताना अख्खं पान, आधीचं, पुढचं आणि दफ्तराचा क्रमांक, एवढं घ्यावंच.

कागद कुठे असेल, हेही सरळ नाही. परतूर १९८१पर्यंत परभणी जिल्ह्यात होता, त्या वर्षी जालना जिल्हा झाला. लातूर १९८२ला उस्मानाबादमधून निघाला. उदगीर, अहमदपूर, निलंगा तर १९५६पर्यंत बिदर जिल्ह्यात. ‘आमच्या जिल्ह्यात नोंद नाही’ या उत्तरावर म्हणून लगेच विश्वास ठेवू नये. तहसील आणि भूमी अभिलेख झाल्यावर छत्रपती संभाजीनगरचं पुराभिलेखागार, आणि निजामी दफ्तरासाठी हैदराबादच्या तारनाक्यातलं तेलंगणा राज्य पुराभिलेखागार.

हल्ली कुणीतरी डीएनएचं नाव काढतंच. वरच्या भांडणात वाय गुणसूत्र काही कामाचं नाही. ते बापाकडून मुलाकडे जवळजवळ जसंच्या तसं जातं. नारायण बाप असो की भाऊ, वाय तेच. बाकीच्या गुणसूत्रांवरून थोडं कळेल. दोघे भाऊ असतील, तर दोघांचे नातू सरासरी ३.१ टक्के डीएनए वाटून घेतात. मारोती नारायणाचा मुलगा असेल, तर मारोतीचा नातू आणि नारायणाचा दुसऱ्या मुलाकडून झालेला नातू यांच्यात ६.२५ टक्के. दोन्ही आकडे प्रत्यक्षात इतके वरखाली होतात, की एका जोडीवरून निकाल देता येत नाही. दोन्हीकडचे चार-पाच जण तरी तपासावे लागतात. त्यात मामाच्या मुलीशी लग्न झालेलं असेल, तर साम्य आपोआप फुगतं आणि लांबचे भाऊ जवळचे दिसू लागतात. अशा घरात नमुने पाठवण्याआधी मामांकडची वंशावळ मांडावी लागते.